मिसेस राव आणि रिकाम्या जागा

६ जानेवारी १९८१, मंगळवार

नापास. मागच्या वेळी सहा गुणांनी, यंदा चार गुणांनी, म्हणजे प्रगती आहे, असं शशिकांत म्हणाले. यांना बोलायला काय जातं. हे रेल्वेच्या ऑफिसात, यांची बढती नुसती वर्षं मोजून होते. आमच्या दिल्लीच्या मंत्रालयात असिस्टंट व्हायचं तर परीक्षा, आणि परीक्षेला तीनच संधी. दोन संपल्या. तिसरी मे महिन्यात. तीही गेली की मी रिटायर होईपर्यंत यूडीसी, म्हणजे कारकूनच, आणि परवा परवा नागपूरहून आलेली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान पद्मजा माझ्या फायलीवर सही करणार. पोरगी गुणी आहे, पण तरी.

बाकी सगळे पेपर पास. माझं घोडं अडतं ते इंग्रजीतल्या त्या रिकाम्या जागांपाशी. अर्ध्या पानाचा उतारा, त्यात मधले मधले शब्द गाळलेले, ते भरा. मी मिरजेला शिकले, आठवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी पाहिली. माझ्या डोक्यात 'हॅव'ला जागा नाही आणि 'हॅड'ला तर नाहीच नाही.

जेवताना अण्णा आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाले, "तिला म्हणावं, रोज एक उतारा लिहून द्यायची माझी तयारी आहे." तिला म्हणजे मला. मी समोर उभी राहून भात वाढत होते. शशिकांतनी तो निरोप मला सांगितला, मी "चालेल म्हणावं" असं शशिकांतना सांगितलं. अण्णा कराडच्या हायस्कूलचे हेडमास्तर होते, अडतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सासूबाई गेल्यावर मागच्या वर्षी आमच्याकडे नेताजीनगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. पण आमच्याकडे सासरे-सुनेचं बोलणं हे असंच, व्हाया भटिंडा. त्यांच्या घरातली रीतच ती. सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि कौतुक तर कुणाचंच करायचं नाही.

८ जानेवारी

सकाळी साखरेच्या डब्याखाली कागद. पाठकोऱ्या कागदावर अण्णांचं तिरकं, रेखीव अक्षर, दहा रिकाम्या जागा. बसमध्ये सोडवला, संध्याकाळी परत डब्याखाली ठेवला. थोड्या वेळाने लाल शाईत उत्तर आलं. चार. खाली शेरा: 'आधी संपूर्ण वाचावे.'

संपूर्ण वाचायला वेळ कुणाला आहे? पाच-चाळीसचा गजर, नीलाचा शाळेचा डबा, यांचा डबा, अण्णांची भाकरी, मग ती बस. बसमध्ये एक हात दांडीला, एका हातात पर्स, दातात पेन्सिल.

१२ जानेवारी, सोमवार

आमच्या सेक्शनचे भाटियाजी मागे पहिल्या झटक्यात पास झाले होते. त्यांनी आज गुपित सांगितलं. "मॅडम, कहानी मत पढ़ो. खाली जगह के एक शब्द आगे देखो, एक पीछे. बस. बाकी सब भूसा है." किती सोपं! करून पाहिलं तर एकदम सहा आले. शेरा मात्र तोच. 'आधी संपूर्ण वाचावे.' मास्तरांची खोड.

१४ जानेवारी

संक्रांत, आणि माझी शोभा. सकाळी इतकं धुकं की समोरचा ब्लॉक दिसेना, त्यात लाईट गेलेली. अंधारात चपला चढवल्या आणि पळाले. ऑफिसात तिळगूळ वाटत फिरत होते तर पद्मजा माझ्या पायांकडे बघून तोंडावर हात धरून बसली. एक चप्पल तपकिरी, दुसरी काळी. काळीला टाच, तपकिरीला नाही. तरीच मला सकाळपासून वाटत होतं की कंबर धरलीय. पद्मजाने मात्र कुणाला सांगितलं नाही, उलट दिवसभर माझ्या फायली तीच इकडून तिकडे नेत होती.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात शशिकांतना आणि नीलाला सगळं करून दाखवलं, चालून सुद्धा. हसून हसून पुरेवाट. बाहेरच्या खोलीत अण्णा पेपर वाचत होते. त्यांच्यापर्यंत गेलं नसावं.

१७ जानेवारी

आजच्या उताऱ्यात कोणी मिसेस राव आहे. दोन पायांत दोन वेगळे बूट घालून ऑफिसात गेली एवढं मला आगे-पीछे बघताना कळलं. फारच धांदरट बाई दिसते. सात गुण.

नीलाने तो कागद उचलला, वाचला आणि फिदीफिदी हसत सुटली. विचारलं तर म्हणते, "कुछ नहीं आई, आजोबा मस्त आहेत." दहा वर्षांची झाली, कशाला हसेल नेम नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कुकरची शिटी उडाली. तुरीची डाळ थेट छताला. मी, नीला आणि हे तिघेही मान वर करून बघत राहिलो. डाळ पंख्याच्या पात्यावर, ट्यूबलाईटवर, कॅलेंडरमधल्या लक्ष्मीच्या कपाळावर. मग स्टूल घेऊन मीच चढले, दुसरं कोण चढणार. अण्णा घरी नव्हते. मंगळवार आणि शुक्रवार ते पहाडगंजला वाचनालयात मराठी पेपर वाचायला जातात. थोड्या वेळाने आले तर सदऱ्याच्या बाहीला शाई. इतकी वर्षं पेपर वाचूनही त्यांना तो धरता येत नाही की काय. बाही लिंबू लावून धुतली, डाग अर्धाच गेला.

शिवाय त्यांना पित्ताचा त्रास, डाळ गेलेली, म्हणून मऊ भात केला आणि मेतकूट. ताट स्वच्छ करून उठले.

६ फेब्रुवारी

ती मिसेस राव पुन्हा. हिचं सांबार छतावर. या मद्राशी बाईला घर सांभाळता येत नाही, ऑफिस सांभाळता येत नाही, आणि अण्णांना लिहायला दुसरं माणूस मिळत नाही. इतके विषय पडलेत. ताजमहाल आहे, गाय आहे. सात गुण.

२४ फेब्रुवारी

मिसेस रावच्या घरात एक म्हातारा सासराही आहे. आज निम्म्या रिकाम्या जागा त्याच्याच. बिचाऱ्याला बोलता येत नाही असं दिसतंय, 'कुड नॉट से' दोनदा आलं. मुका असणार. मी शशिकांतना म्हटलं, अण्णा अशा दुःखी गोष्टी कशाला घालतात, परीक्षेला बसणाऱ्या माणसाला आनंदी उतारा हवा. शशिकांत माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू वाचतेस ना नीट?" मी म्हटलं, आठ मिळाले, अजून किती नीट?

आठ! पहिल्यांदाच. दुपारी लॉनवर उन्हात बसून मूंगफली खाताना पद्मजाला सांगितलं तर तिने माझ्या विणकामाच्या सुया काढून घेतल्या. म्हणाली, "ताई, मेपर्यंत स्वेटर बंद. या वेळी आपण दोघींनी पास व्हायचंच."

१५ मार्च

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नाही. बजेटच्या दिवसांत आमच्याकडे श्वास घ्यायलाही परवानगी लागते. उतारे चालू. एकदा खाली घसरून पाच आले तेव्हा बसमध्येच डोळ्यांत पाणी आलं. शेजारची सरदारीण म्हणाली, "की होया भैणजी, घर विच सब ठीक?" कसं सांगणार तिला की अठ्ठावीस वर्षांमागे मिरजेला जे शिकायचं राहिलं त्यासाठी रडतेय. खरं सांगायचं तर मला असिस्टंटची खुर्ची हवी आहे. फार हवी आहे. टेबलावर काच, मागे टॉवेल टाकलेली खुर्ची, आणि सकाळी चपराशाने "नमस्ते मॅडम" म्हणायचं. घरात कुणाजवळ बोलत नाही, हसतील.

५ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. खालच्या मजल्यावरच्या मिसेस सूदनी दरवर्षीप्रमाणे विचारलं की साडी वाळत घातली आहे का. श्रीखंड झालं. अण्णांनी वाटी दोनदा पुढे केली, बोलले काही नाही. साखर बरोबर पडली की जास्त, हे कळायला मार्ग नाही.

आज नऊ.

१६ एप्रिल, गुरुवार

स्वयंपाक बाजूला ठेवून आधी हे लिहितेय.

दुपारी कँटीनमध्ये गेले तर आमच्याच नाही, बाकीच्या सेक्शनचीही माणसं भाटियाजींच्या भोवती. हातात एक पिवळं पातळ पुस्तक. नई सडकच्या पुस्तकबाजारात नवीन आलंय, साठ सराव उतारे, परीक्षेला बसणारा प्रत्येक जण घेतोय, असं कळलं. लेखकाचं नाव नाही, 'एक अनुभवी हेडमास्तर' एवढंच. भाटियाजी मोठ्याने वाचून हिंदीत अर्थ सांगत होते आणि सगळे खो-खो हसत होते. सांबार छतावर काय उडतंय, बाई गॅसच्या पावतीवर ऑफिसचा डायरी नंबर काय टाकतेय, नवरा रविवारी डोक्याला तेल लावून पेपर तोंडावर घेऊन घोरतोय काय. मीही हसले. सगळ्यांत जास्त मीच हसले असेन. डोळे पुसत म्हटलं, "कौन है ये औरत!"

मग ते दोन चपलांवर आले. एक तपकिरी, एक काळी, काळीला टाच. हसता हसता पद्मजा थांबली. माझ्याकडे वळली आणि हळूच मराठीत म्हणाली, "कुमुदताई, ही तर तुम्ही."

तपकिरी. टाच. गॅसची पावती, ती तर मीच. ते तेल, तो पेपर, शशिकांत! वाचनालय नाही, शाई वाचनालयातली नाही! सबंध दिल्लीतले परीक्षार्थी माझ्या स्वयंपाकघरात बसले होते आणि मी स्वतः, बाईसाहेब, तीन महिने दोन दांड्यांच्या मधे लटकून, आगे-पीछे बघत, स्वतःचीच फजिती भरून देत होते. वर गुण घेत होते.

अर्धी सुट्टी टाकून घरी आले. अण्णा बाहेरच्या खोलीत. भाटियाजींकडून मागून आणलेलं ते पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. आज मधे शशिकांत नव्हते, म्हणून भिंतीकडे बघून म्हटलं, "घरातल्या माणसाची अब्रू नई सडकवर विकायची म्हणजे कमाल झाली." अण्णांनी चष्मा लावून पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. मग तेही भिंतीकडेच बघून म्हणाले, "नाव बदललं होतं."

एवढंच. अडतीस वर्षं पोरांना शिकवून एवढाच बचाव. नाव बदललं होतं!

१७ एप्रिल

शशिकांतना सगळं माहीत होतं. छापखाना गाझियाबादला आहे, मंगळवार-शुक्रवार अण्णा तिथेच जायचे, पहिली प्रुफं तर शशिकांतच शनिवारी घेऊन आले होते. म्हणतात, "मला वाटलं तुलाही माहीत आहे. रोज हातात देत होते ना तुझ्या. तू रागावत नव्हतीस, म्हणून अण्णा पुढे लिहीत गेले." म्हणजे चूक माझीच! आज यांच्या डब्यात नुसती पोळी आणि लोणचं दिलं. डबा रिकामा परत आला.

आजपासून उतारे बंद. डब्याखालच्या कागदाला हात लावायचा नाही.

२० एप्रिल

डब्याखाली चार कागद साठलेत. साखर घ्यायची तर डबा उचलावा लागतो, म्हणून गूळ घातलेला चहा केला. शशिकांत आणि नीलाने प्यायला, अण्णांचा बिनसाखरेचाच असतो. नीला म्हणाली, "आई, तू आजोबांशी कट्टी आहेस का? पण तुम्ही तर आधीपण बोलत नव्हता." मी तिच्या कपात अजून एक गुळाचा खडा टाकला.

परीक्षेला वीस दिवस. पद्मजाने तिचा गाइड देऊ केला. ती स्वतः काय वाचणार मग? नको म्हटलं. रागाच्या भरात बंद तर केलं, पण आता जिवाला घोर लागलाय. शेवटची संधी हातची घालवतेय की काय मी?

२५ एप्रिल, शनिवार

सुट्टी होती. शशिकांत आणि नीला मंडईत गेले, अण्णा फिरायला. मी जुन्या उताऱ्यांचा गठ्ठा खाली काढला आणि ते पिवळं पुस्तकही. म्हटलं, एक एक उतारा वाचून सगळ्या अपमानांची यादी करायची, नंबर टाकून, कार्यालयीन पद्धतीने, आणि शशिकांतकरवी अण्णांना सादर करायची. त्यासाठी प्रत्येक उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं आलं. वाचला. पहिल्यांदाच.

चपलांच्या उताऱ्यात मी आगे-पीछे बघून जे सोडलं होतं ते असं, की मिसेस राव त्याच वेगवेगळ्या बुटांत दिवसभर उभी राहिली, संक्रांतीचा गोड तुकडा सगळ्या सेक्शनला वाटला आणि तुंबलेली फाईल संध्याकाळच्या आत वर पाठवली. सांबाराच्या उताऱ्यात सगळे हसत असताना स्टुलावर चढली ती तीच. प्रत्येक उतारा माझ्यावर हसतो आणि मग शेवटी टोपी काढून उभा राहतो, असं काहीतरी. यादीत दोन नंबर टाकले आणि पेन्सिल खाली ठेवली.

मग लक्षात आलं की गठ्ठा जास्त आहे. पुस्तकात साठ, गठ्ठ्यात एक्क्याण्णव. एकतीस उतारे अण्णांनी छापायला दिलेच नाहीत. ते वेगळे काढले.

त्यातला एक. म्हातारे राव मोठ्या शहरातल्या स्टेशनवर उतरतात. बायको नुकतीच गेलेली, यायचं मनात नव्हतं. मुलाला रजा मिळाली नव्हती. सून अर्धी सुट्टी काढून आली होती, हातात थर्मास, त्यात बिनसाखरेचा चहा, कारण त्यांना तसा लागतो हे तिने पत्रातून विचारून घेतलं होतं. म्हाताऱ्याला बरंच काही बोलायचं होतं. तो एवढंच म्हणाला, गाडी उशिरा आली.

दुसरा. थंडीत सून स्वतःच्या चहाआधी सासऱ्याचं पाणी तापवते. रोज. तो अंथरुणात जागा असतो आणि ऐकतो. त्याच्या वडिलांनी कधी सुनेला शाबास म्हटलं नाही, आजोबांनी नाही. त्याला इंग्रजी येतं, संस्कृत येतं, पण हे बोलता येत नाही.

आणि एक मार्चमधला. मिसेस राव दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा अभ्यासाला बसते. म्हाताऱ्याने हजारो मुलं शिकवली. एवढ्या कामातून, बसमध्ये उभं राहून शिकणारं दुसरं कुणी पाहिलं नाही. शेवटचं वाक्य, म्हाताऱ्याला तिचा—आणि रिकामी जागा—वाटतो. त्या जागेत माझ्याच अक्षरात 'प्राउड' लिहिलेलं. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण.

मी भरलं होतं ते. पंधरा मार्चच्या सुमारास, बसमध्ये, शब्द आगे, शब्द पीछे. त्याला अभिमान वाटतो हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, गुण घेतला आणि मला कळलंसुद्धा नाही. मुका म्हणाले होते मी त्यांना. स्वयंपाकघरात फरशीवर बसून खूप रडले. मग ते सगळे परत येतील म्हणून तोंड धुतलं आणि साखरेचा चहा ठेवला.

२६ एप्रिल, रविवार

मलाही बोलता येत नाही. मी कुठली मोठी बोलणारी. सव्वा वर्षात "अण्णा, तुमच्यामुळे घराला घरपण आलं" असं एकदा तरी म्हटलंय का? उलट कौतुक करत नाहीत म्हणून मनात धरून बसले.

म्हणून उतारा लिहिला. इंग्रजीत, मी. डिक्शनरी घेऊन तीन तास लागले. मिसेस रावने एक्क्याण्णव पत्रं न वाचता त्यांना उत्तरं दिली, ती मूर्ख होती, असं सुरुवातीला. मग तिला सासऱ्याची भीती वाटायची, ते जेवणाला नावं ठेवतील म्हणून. त्यांनी कधी ठेवली नाहीत. ते आल्यापासून मुलगी शाळेतून आल्यावर कुलूप उघडत नाही, आजोबा दार उघडतात. आणि ऑफिसात मिसेस रावचा जीव भांड्यात असतो. हे 'जीव भांड्यात' इंग्रजीत कसं लिहायचं ते कळलं नाही, नुसतं 'काळजी नसते' असं लिहिलं. दहा जागा गाळल्या. साखरेच्या डब्याखाली ठेवला.

२७ एप्रिल

डब्याखाली परत आला. दहाही जागा तिरक्या अक्षरात भरलेल्या. शिवाय माझ्या वाक्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त, एकूण अकरा, एकही सोडली नाही. गुण सात. शेरा: 'आशय उत्तम. आधी संपूर्ण वाचले. दोनदा.'

त्याखाली आजचा नवा उतारा.

चालू केलं पुन्हा. पण आता बसमध्ये नाही. पाच-वीसला उठते, पंधरा मिनिटं बसून वाचते, मग भरते. नवीन उतारे एका दीपगृहाबद्दल, एका सायकलच्या दुकानाबद्दल. मिसेस राव गायब. मला चुकल्या चुकल्यासारखं होतंय.

१० मे, रविवार

झाली परीक्षा. केंद्रावर लू, उन्हाचा भाजणारा वारा, असा की पाण्याचा माठसुद्धा गरम. पद्मजा माझ्या मागच्या बाकावर. उतारा एका आंधळ्या घड्याळजीचा होता. पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा नुसता वाचला, सगळा. आजूबाजूला सगळ्यांची पेनं चालू, माझं एकटीचं बंद. पण गोष्ट चांगली होती. मग भरल्या जागा. दोन ठिकाणी खात्री नाही. एक तर चुकलीच असणार.

घरी आले तर अण्णा गॅलरीत उभे, शशिकांतना विचारत होते, "कसा गेला विचार तिला." मी शशिकांतना सांगितलं, "बरा गेला म्हणावं." सवय इतक्यात कुठली जायला.

२१ जून

प्रकाशकाला दुसरं पुस्तक हवंय. पहिलं संपलं. पत्रात लिहिलंय की वाचकांना मिसेस रावांचं पुढे काय झालं ते जाणून घ्यायचंय. अण्णांनी ते पत्र शशिकांतच्या हातून माझ्याकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी, 'संबंधित व्यक्तीची संमती असल्यासच.' हेडमास्तरांनी ऑफिसची भाषा उचललेली दिसते.

मी म्हटलं, "संमती आहे म्हणावं. डाळ, चपला, शशिकांतचं तेल, काय हवं ते घालू देत. अट एकच. म्हाताऱ्या रावांना काही बोलायचं असेल तर कागदावर नाही, तोंडाने बोलायचं." शशिकांत बाहेर गेले. मग शशिकांत परत आले. "अण्णा म्हणतात, बघू."

१४ ऑगस्ट, शुक्रवार

तीनला यादी लागली. गर्दीत मला काही दिसेना, पद्मजा घुसली आणि तिथूनच दोन बोटं वर केली. दोन बोटं म्हणजे दोघी. मी जिन्याच्या पायरीवरच बसले. असिस्टंट. इंग्रजीत मागच्यापेक्षा एकवीस गुण जास्त. भाटियाजी म्हणाले, "देखा मॅडम, मेरा फॉर्म्युला!" मी म्हटलं, बिल्कुल, आणि त्यांना दोन बर्फ्या दिल्या.

घरी आले. नीला मैत्रिणीकडे, शशिकांत यायचे होते. मी गॅलरीकडे बघून, मोठ्याने, कुणालाच उद्देशून नाही असं म्हटलं, "झाले पास." मी आत जाऊन कणीक भिजवायला घेतली. अशा आनंदाच्या वेळी काय करायचं, हात कुठेतरी गुंतवायला हवे होते.

थोड्या वेळाने मान वर केली तर अण्णा स्वयंपाकघराच्या दारात. मी आत असताना दीड वर्षात ते इथवर कधी आले नव्हते. चष्मा काढून हातात धरलेला, वर्गात पहिल्या दिवशी उभं केलेल्या पोरासारखे. मधे कुणीही नव्हतं.

"कुमुद," म्हणाले.

पहिल्यांदाच. मला वाटायचं त्यांना माझं नावच माहीत नाही.

"पास झालीस, आनंद झाला. पण नापास झाली असतीस तरी मी हेच सांगायला येणार होतो, असं ठरवलं होतं मी." थांबले. चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला. "तू आहेस म्हणून मला इथे परकं वाटत नाही. माझं भाग्य आहे ते. एवढंच सांगायचं होतं."

माझे दोन्ही हात कणकेत. नमस्कार करता येईना, डोळे पुसता येईनात. म्हटलं, "अण्णा, तुम्ही आलात म्हणून मी पास झाले. आणि नुसती परीक्षाच नाही." मग म्हटलं, "बसा ना इथेच. चहा टाकते."

"टाक," म्हणाले, आणि स्टूल ओढून तिथेच बसले.

चहा झाला, दुसरा झाला. पेपरातला घड्याळजी कसा होता ते त्यांनी विचारलं, मी पूर्ण गोष्ट सांगितली. दोन जागा कुठे चुकल्या असतील त्यावर आमचा वादही झाला आणि मी हटले नाही. सासूबाई श्रीखंडात जायफळ जास्त घालायच्या आणि माझं अण्णांना जास्त आवडतं, हेही आज कळलं. सहाला शशिकांत आले. अण्णांनी सकाळीच, निकालाआधी, पेढे आणायला सांगितले होते असं मला सांगायला ते तोंड उघडणार होते, पण आम्ही दोघं बोलत होतो. मग ते पिशवी हातात घेऊन दारात तसेच उभे राहिले, कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ते न कळून.